‘पोराला आधीच किती सुया टोचल्यात, आता प्रयोग नकोत’

प्रश्न : माझा मुलगा आठ वर्षांचा आहे. मेंदूच्या पेशी हळूहळू निकामी करणारा जन्मजात आजार त्याला आहे. तो बोलत नाही आणि आता त्याला गिळणेही जड जाऊ लागले आहे. आजार बरा होणारा नाही, हे डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले आहे. आम्ही त्याला जिथे दाखवतो, तिथल्या सिस्टरांनी अशा मुलांच्या घरच्या काळजीविषयी संशोधन चालू असल्याचे सांगून एक फॉर्म दिला. दोन वेळा घरी येऊन आमच्याशी बोलणार आहेत. यजमान म्हणतात, ‘पोराला आधीच किती सुया टोचल्यात, आता प्रयोग नकोत.’ मला मात्र नाही म्हणवत नाही. त्याला दुखते की नाही, हेच मला कित्येकदा कळत नाही. सही करावी का?
– एक आई, ऐरोली

उत्तर : ताई, यजमानांची धास्ती रास्त आहे, म्हणून आधी तिच्याविषयी लिहितो. नवे औषध देऊन पाहणे हा संशोधनाचा एक प्रकार झाला. आपल्याला विचारले आहे ते वेगळे दिसते : आईवडिलांशी बोलायचे, मुलाचा दिवस कसा जातो ते समजून घ्यायचे. तरीही गृहीत धरू नका. फॉर्मसोबत माहितीपत्रक असते, त्यात रक्त काढणार का, औषध बदलणार का, नाव गुप्त राहणार का, हे लिहिलेले असायलाच हवे. नसेल तर सही करण्याआधी विचारा. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या 2017 च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार अशा अभ्यासाला नीतिसमितीची, म्हणजे सहभागींचे हित जपले जाते का हे पाहणाऱ्या समितीची, मंजुरी लागते, आईवडिलांची लेखी संमती लागते आणि दिलेली संमती कोणतेही कारण न सांगता केव्हाही मागे घेता येते. नकार दिलात म्हणून मुलाच्या उपचारात काडीचाही फरक पडता कामा नये. सात ते बारा वयाच्या मुलांचा तोंडी होकारही घ्यावा, असे ही तत्त्वे सांगतात. आपला मुलगा बोलत नाही, पण परक्या माणसाला पाहून तो अंग आखडून घेऊ लागला किंवा तोंड फिरवू लागला, तर माझ्या मते तो नकारच समजावा आणि त्या दिवशी भेट थांबवावी.

दुसरी भीती आपण लिहिलेली नाही, पण पत्रात ती जाणवते : हे सगळे बोलून दुःख वाढेल का? स्वीडनमध्ये कर्करोगाने मूल गमावलेल्या पालकांना देशभर प्रश्नावली पाठवून असा अभ्यास झाला, त्याचे निष्कर्ष 2004 मध्ये प्रसिद्ध झाले. उत्तर देणाऱ्यांपैकी 99 टक्के पालकांनी हा अभ्यास मोलाचा मानला. 28 टक्क्यांना उत्तरे देताना काही ना काही त्रास झाला, फार त्रास झाला असे सांगणारे 2 टक्के होते. म्हणजे त्रास होणारच नाही, असे मी आपल्याला सांगणार नाही. आपल्याकडच्या घरांत तो वेगळ्या वाटेनेही येईल, कारण सासूसासरे, शेजारी, सगळ्यांसमोर बोलावे लागते. म्हणून भेट दुपारी, घरात आपण दोघेच असताना ठेवायला सांगा, आणि एखाद्या प्रश्नाला ‘आज नको’ म्हणायला संकोच करू नका.

आता दुखण्याविषयी. आपल्या पत्रातले हे वाक्य मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. बोलू न शकणाऱ्या मुलाचे दुखणे ओळखण्यासाठी 1997 मध्ये एक मोजपट्टी तयार झाली. चेहरा, पाय, अंगाची हालचाल, रडणे आणि जवळ घेतल्यावर शांत होणे, अशा पाच गोष्टींना प्रत्येकी 0 ते 2 गुण द्यायचे आणि 10 पैकी बेरीज पाहायची. पण आपल्या मुलासारख्या मुलांचे पाय एरवीही ताठ असतात, काही मुले दुखताना रडण्याऐवजी एकदम गप्प होतात, त्यामुळे ती पट्टी फसू लागली. तेव्हा संशोधकांनी तिच्यात सुधारणा केली : प्रत्येक मुलाच्या खास खुणा त्याच्या आईवडिलांना विचारून पट्टीत लिहायच्या. आईचे निरीक्षण असे मोजमापाचा भाग झाले, कारण आधीच्या कितीतरी आयांनी आपल्यासारखेच फॉर्म भरले होते. आजच एक वही घ्या. अंग पुसताना, कूस बदलताना, नळीने किंवा चमच्याने भरवताना तो काय करतो, भुवया आकसतो का, मूठ आवळतो का, घाम येतो का, हे वेळेसह लिहा. आठवड्याभराची ती वही पुढच्या भेटीत डॉक्टरांसमोर ठेवा. दुखणे दिसले तर औषध मागा, भिऊ नका. मुलांच्या तीव्र वेदनेवर योग्य मात्रेत, डॉक्टरांच्या देखरेखीखाली मॉर्फीन देता येते. अमली पदार्थविषयक कायद्यात 2014 मध्ये झालेल्या दुरुस्तीनंतर रुग्णालयांना ते ठेवणेही पूर्वीपेक्षा सोपे झाले आहे.

‘पॅलिएटिव्ह केअर’ हा शब्द सिस्टरांनी वापरला असेल. गंभीर आजारात रुग्णाचे दुखणे आणि त्रास कमी करणारी सेवा, असा त्याचा अर्थ. तो ऐकून बहुतेक घरांत ‘आता सगळे संपले’ असाच अर्थ घेतला जातो. जागतिक आरोग्य संघटनेच्या व्याख्येप्रमाणे मुलांची ही सेवा निदान झाल्यापासूनच सुरू व्हायला हवी, मूळ आजारावर उपचार चालू असोत वा नसोत, आणि तिच्यात घरच्यांचा आधारही येतो. दुखणे, धाप, झटके, गिळणे, झोप, भावंडांची घालमेल, सगळे तिच्या कक्षेत येते.

अशा अभ्यासाचा लाभ आपल्याच मुलाला मिळेल, असे वचन मी देत नाही, आणि कोणी दिले तर त्यावर विश्वास ठेवू नका. मात्र घरच्या अडचणी कागदावर येत नाहीत, तोवर त्या व्यवस्थेला दिसत नाहीत. आठ वर्षांच्या ताठ अंगाच्या मुलाला कडेवर घेऊन ऐरोलीहून ठाण्याला यायचे, ट्रान्स-हार्बर रेल्वेमार्गाच्या फलाटावरून जिना चढून पुलाने दुसऱ्या फलाटावर जायचे आणि गर्दीच्या लोकलमध्ये शिरायचे, हे एका तपासणीसाठी महिन्यातून दोनदा करावे लागत असेल, तर तेही संशोधकांना जरूर सांगा. सिस्टर घरी याव्यात, ही मागणी पुढे रेटायला अशाच नोंदींचा उपयोग होतो.

माहितीपत्रक यजमानांना स्वतः वाचू द्या, आणि पहिल्या भेटीला तेही घरी असतील असा दिवस मागून घ्या. त्यांचे प्रश्न आपल्याहून वेगळे असतील, ते त्यांनाच विचारू द्या. त्यानंतरही त्यांचे मन तयार झाले नाही, तर फॉर्म कोरा परत करा. वही मात्र चालू ठेवा.