कोर्सचे 48 हजार राहू द्या, आधी मार्चचा हप्ता थांबवा

प्रश्न: मी 38 वर्षांची, नागपुरात मनीषनगरला राहते. चार वर्षांपासून इन्स्टाग्राम आणि व्हॉट्सअ‍ॅपवरून साड्या विकते. माल गांधीबागेतून आणते. महिन्याला 100 पार्सलं जातात, सरासरी 1200 रुपयांची, निम्म्याहून जास्त कॅश ऑन डिलिव्हरी. एका साडीमागे 500 सुटतात, जाहिरातीचे 12 हजार वजा केले तरी 38 हजार व्हायला हवेत. पण हातात काहीच उरत नाही आणि मन फार लवकर खचतं. पार्सल परत आलं की रडू येतं. दोन दिवस ऑर्डर आली नाही की झोप उडते, मग घाबरून सेल लावते. वर्धा रोडवरच्या एका हॉटेलात सेमिनार होता, तिथे व्यावसायिकांसाठी मन कणखर करण्याचा तीन महिन्यांचा कोर्स सांगितला. फी 48 हजार, हप्त्यानेही भरता येते. घ्यावा का? यजमान बुटीबोरीला कंपनीत आहेत, पगार 42 हजार, घराचा हप्ता 14 हजार. मुलगा नववीत. त्याच्या इंजिनिअरिंगसाठी तीन वर्षांपूर्वी बँकेतल्या ओळखीच्या सरांनी माझ्या नावावर पॉलिसी काढून दिली. दर मार्चला एक लाख, दहा वर्षं भरायचे, पंधराव्या वर्षी 17 लाख. टॅक्सही वाचतो, त्यामुळे भविष्याची काळजी नाही. तो हप्ता दुकानातूनच भरते. मालासाठी सोन्यावर कर्ज आहे, 15 टक्क्यांनी. आधी एक लाखाचं होतं, दर उन्हाळ्यात वाढवत आता 3 लाख झालं. शिल्लक म्हणाल तर सगळं दुकानातच आहे.

उत्तर: ताई, कोर्स घेऊ नका. तुमच्या प्रश्नाचं उत्तर एवढंच. पण तुमच्या पत्रात कोर्सपेक्षा मोठी गोष्ट आहे, आणि ती तुम्ही "काळजी नाही" म्हणत एका ओळीत उरकली आहे.

पॉलिसीत आजवर गेले 3 लाख. सोन्यावर आजवर उचलले 3 लाख. हा योगायोग नाही. मार्चमध्ये तुम्ही दुकानाच्या गल्ल्यातून एक लाख काढून हप्ता भरता. लगेच लग्नसराई येते, माल भरायला पैसे नसतात, म्हणून बांगड्या गहाण पडतात. पुढच्या मार्चला पुन्हा तेच. साडीचं दुकान कर्जात आहे असं तुम्हाला वाटतं. ते कर्ज दुकानाचं नाहीच, पॉलिसीचं आहे. नाव तेवढं मालाचं लागलंय.

आता त्या 17 लाखांकडे बघू. दहा वर्षं लाख-लाख भरून पंधराव्या वर्षाच्या शेवटी 17 लाख, म्हणजे वर्षाला पाच टक्क्यांच्या जरा वर. पीपीएफसुद्धा आज 7.1 टक्के देतो. तुम्ही 15 टक्क्यांनी पैसे उचलून पाच टक्क्यांवर ठेवताय, दर लाखामागे वर्षाला 10 हजारांचा खड्डा. आणि मुलगा आज नववीत आहे. पॉलिसी पिकेल तेव्हा तो 26 वर्षांचा असेल. कोणत्या इंजिनिअरिंगची फी त्या वयात भरायची असते, हे त्या सरांना विचारा. टॅक्सचंही तसंच. यजमानांचा वर्षाचा पगार पाच लाखांच्या आसपास, त्यावर नव्या करपद्धतीत टॅक्स तसाही शून्य आहे. जो लागतच नव्हता तो वाचवून दिला. वर विमा काढला तुमच्या जिवावर, आणि घर ज्यांच्या पगारावर चालतं ते यजमान मोकळेच. बँकेच्या केबिनमध्ये चहा पाजून विकलेल्या अशा पॉलिसी माझ्याकडे इतक्या येतात, की आता राग विकणाऱ्यापेक्षा "ओळखीचे आहेत" या वाक्याचाच जास्त येतो.

चौथा हप्ता भरायचा नाही. यावर दुमत नको. मग उरतात दोन वाटा. पॉलिसी पेड-अप करायची, म्हणजे पुढे हप्ते नाहीत आणि शेवटी कमी झालेली रक्कम मिळते. किंवा सरेंडर करायची, म्हणजे आत्ताच मोडायची. दोन्ही आकडे कंपनीकडून मेलवर, लेखी मागवा. फोनवरच्या गोड आवाजावर जाऊ नका. तीन हप्त्यांनंतर अशा पारंपरिक योजनांत हमीची सरेंडर रक्कम भरलेल्या पैशाच्या साधारण 35 टक्के असते, म्हणजे तुमच्या हाती लाखभर. दुःख होईल, दोन लाख बुडाल्यासारखं वाटेल. पण समजा पेड-अपमध्ये शेवटी 3 लाख मिळणार असतील, तर आजच्या एका लाखाचे बारा वर्षांत तीन, म्हणजे वर्षाला साडेनऊ टक्के. कर्ज 15 टक्क्यांचं आहे. मोडा आणि ते लाख सोन्याच्या कर्जात भरा. पेड-अपची रक्कम पाच लाखांच्या घरात येत असेल तर मात्र ठेवा, कारण मग हिशोब जवळपास बरोबरीत सुटतो.

कर्जात लाख भरले की वर्षाचं व्याज 45 हजारांवरून 30 हजारांवर येतं. सुटलेल्या 15 हजारांत यजमानांचा 60 वर्षांपर्यंतचा 50 लाखांचा टर्म विमा (मुदतीत मृत्यू झाला तरच पैसे मिळणारा साधा विमा) बसायला हवा, सिगारेट-तंबाखू नसेल तर. तो आधी हातात घ्या, मग पॉलिसी मोडा. कंपनीचं मेडिक्लेम नोकरीबरोबर जातं, म्हणून घराचा वेगळा आरोग्य विमा पुढच्या वर्षभरात करा. सप्टेंबर 2025 पासून वैयक्तिक आरोग्य आणि आयुर्विम्याच्या हप्त्यावर जीएसटी नाही, तेवढाच हात हलका. मुलाच्या कॉलेजला चार वर्षंही नाहीत, तेव्हा त्याचे पैसे शेअर बाजारात नकोत. पगारातून महिन्याला 4 हजारांचं आरडी लावा, बारावीपर्यंत दोन लाख होतील, बाकी शैक्षणिक कर्ज. त्यात लाज कसली?

आता दुकान. तुमचा 38 हजारांचा हिशोब पाठवलेल्या पार्सलांवर आहे. पैसे पोचलेल्या पार्सलांचे मिळतात. परत किती येतात ते तुम्ही लिहिलंच नाही, म्हणून मी फोन करून विचारलं. 28. मग असं बघा:

पोचल्या 72 साड्या, 500 प्रमाणे 36 हजार. त्यातून 100 पार्सलांचं जाण्याचं कुरिअर 8 हजार, 28 परत येण्याचं 2 हजार, कॅश ऑन डिलिव्हरीचा आकार 2400, पिशव्या-खोकी 2 हजार, जाहिरात 12 हजार. परत आलेल्यांपैकी चार-पाच घडी मोडलेल्या, डाग पडलेल्या, त्यांचं नुकसान 2 हजार. उरले 7600. त्यातून सोन्याचं व्याज 3750 गेलं की पावणेचार-चार हजार. तुम्ही 38 हजारांची वाट बघताय आणि दुकान चार हजार देतंय. मन खचणार नाही तर काय होईल? मन धडधाकट आहे हो तुमचं, वही चुकीची आहे.

आणि याच आकड्याने कोर्स मोजा. 48 हजार म्हणजे दुकानाची सहा महिन्यांहून जास्त कमाई, व्याज धरलं तर अख्खं वर्ष. हप्त्याने भरलं तर घरावर तिसरं कर्ज. व्यवसायात धीर लागतो हे खरं आहे, मी त्याची टिंगल करत नाही. पण एखादं पार्सल परत आलं की तुम्हाला रडू येतं, कारण त्यातच उद्याच्या किराण्याचे पैसे असतात. तिथे श्वासाचे व्यायाम काय करणार?

परतीवर हात घाला. कॅश ऑन डिलिव्हरीच्या प्रत्येक ऑर्डरला 100 रुपये आगाऊ यूपीआयने घ्या, आणि पार्सल निघण्याआधी व्हॉट्सअ‍ॅपवर पत्ता पक्का करा. ऑर्डरी कमी होतील, हे आधीच सांगतो. समजा 100 च्या 80 झाल्या आणि परत फक्त 8 आल्या. पोचल्या तेवढ्याच, 72. पण कुरिअर, खोकी, खराबी सगळं उतरून हाती 13 हजारांच्या वर राहतात. वीस गिऱ्हाइकं गेली आणि कमाई पावणेदोन पट झाली. पहिल्या आठवड्यात मोबाइल शांत राहील आणि तुम्हाला वाटेल दुकान बसलं. खरा धीर त्या आठवड्यात लागतो. त्याची फी शून्य.

घाबरून लावलेल्या सेलबद्दलही बोलायला हवं. 1200 च्या साडीवर 20 टक्के सूट म्हणजे 240 गेले, तुमच्या 500 पैकी निम्मे. वर नेहमीच्या बायकांना सवय लागते, त्या पुढच्या सेलची वाट बघत बसतात. सूट द्यायची तर ती वर्षाच्या सुरुवातीला कॅलेंडरवर लिहून ठेवायची: महालक्ष्म्यांच्या आधी, दिवाळीला, आणि जूनमध्ये उरलेला उन्हाळी माल काढायला. रात्री अकराला मोबाइल हातात घेऊन भाव ठरवायचा नाही. ऑर्डरी रोज मोजू नका. सोमवारी एकदा बसा, गेल्या आठवड्यात पोचलेली पार्सलं, परत आलेली पार्सलं आणि बँकेत आलेले पैसे, तीनच आकडे लिहा.

दुकानाचं खातं वेगळं काढा, याच आठवड्यात. घराचं दूध, शाळेची फी आणि गांधीबागेतलं बिल एकाच खात्यातून जातं तोवर तुम्हाला कधीच कळणार नाही की दुकान कमावतंय की खातंय. दुकानातून स्वतःला महिन्याला 5 हजार पगार द्या, विक्री कितीही होवो. त्यावर जे उरेल ते दुकानातच साठू द्या, 60 हजार होईपर्यंत. (भिशीत नको. भिशीचा नंबर आपल्या अडचणीच्या महिन्यात लागत नाही.) उन्हाळ्यात 45 डिग्रीत कोणी ऑर्डर करेना, तरी त्या पैशांत दोन-तीन महिने जाहिरात आणि व्याज निघेल, सेल लावावा लागणार नाही. मनाचा कणखरपणा मला तरी त्या 60 हजारांतच दिसतो. आधी ते जमू द्या, झोपेचं मग बघू.

कागदांचं पटकन सांगतो. उद्यम नोंदणी फुकट होते, त्यासाठी एजंटला एक रुपया देऊ नका. आयकर विवरणपत्र तुम्ही भरलेलंच नाही, असं फोनवर म्हणालात. छोट्या व्यवसायांसाठीच्या सोप्या पद्धतीत (जुन्या आयकर कायद्याचं कलम 44 एडी) बँकेतून आलेल्या विक्रीवर किमान 6 टक्के नफा दाखवता येतो. तुमची वर्षाची खरी विक्री दहा-साडेदहा लाख, टॅक्स काही लागणार नाही, पण विवरणपत्र हातात असलं की बँकेत मुद्रा कर्ज मागता येतं. किशोर गटात 5 लाखांपर्यंत तारण लागत नाही. व्याज 15 च्या बरंच खाली बसलं तर सोनं सोडवून आणा. आणि रायपूर-हैदराबादला पार्सलं जातात ना? 40 लाखांपर्यंत जीएसटी नोंदणी नको, ही सूट राज्यातल्या विक्रीला धरून आहे. राज्याबाहेर माल विकला की साधारणपणे नोंदणी लागते. हे सीएला दाखवा, लांबवू नका.

फोनवर तुम्ही भंडाऱ्याकडच्या करवतकाठी टसर साड्या ठेवायचा विचार बोलून दाखवलात. सुरेख माल आहे, मलाही आवडतो. पण सहा-सात हजारांची साडी कॅश ऑन डिलिव्हरीवर पाठवायची नाही, आणि परतीचं प्रमाण 10 टक्क्यांखाली येईपर्यंत एकही आणायची नाही.

येत्या दिवाळीपर्यंत हे सगळं करून बघा. तोवर व्याज जाऊन महिन्याला 10 हजार सुटायला लागले तर दुकान चालवा. नाही सुटले तर उरलेला माल काढा आणि बंद करा, यजमान म्हणतील म्हणून नव्हे, वही म्हणते म्हणून. तुमच्यासारखी माल ओळखणारी, गिऱ्हाइकाशी बोलणारी बाई गांधीबागेतल्या कुठल्याही पेढीला हवी असेल, आणि तिथला पगार चार हजारांहून नक्कीच जास्त असेल.

पॉलिसीचा हप्ता ऑटो-डेबिटवर आहे का तेवढं आज बघा. असेल तर बँकेत जाऊन मॅन्डेट, म्हणजे खात्यातून पैसे कापायची परवानगी, रद्द करा आणि रद्द झाल्याचा मेसेज जपून ठेवा. ते ओळखीचे सर चहाला बोलावतील, "आता बंद केली तर फार नुकसान होईल" म्हणतील. त्यांना सरेंडर आणि पेड-अपचे दोन्ही आकडे कागदावर सहीनिशी मागा.