वाचक विचारतात : एल्कच्या शिकारीला एकटं जाताना

प्रश्न : मूळचा साताऱ्याचा, नोकरी डेन्व्हरला. हंटर एज्युकेशनचा कोर्स झालाय, ऑक्टोबरच्या रायफल सीझनचं लायसन्सही आहे. कोलोरॅडोत 10,000 फुटांवर एकट्याने एल्कच्या शिकारीला जाणार आहे, पहिल्यांदाच. ऑगस्टभर घरी आहे, रोज अजिंक्यतारा चढतो. एवढं पुरेल? गाडीपासून किती आत जावं?

उत्तर : आधी दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर, कारण बाकी सगळं त्यावर ठरतं. एल्क म्हणजे तिकडचं मोठं हरण; वाढलेला नर तीनशे किलोंच्या वर भरतो, आपल्या सांबराहून मोठा. हाडं काढली तरी 80 ते 100 किलो मांस उरतं आणि खाण्याजोगं मांस रानात टाकून येणं तिथे गुन्हा आहे. खेपेला 25 किलो धरले तर चार खेपा, तंबू-सामानाची पाचवी. जनावर 3 किलोमीटरवर पडलं तर पाच भरल्या आणि चार रिकाम्या फेऱ्या मिळून 27 किलोमीटर चालावं लागतं. 6 वर पडलं तर 54, आणि तोवर मांस नासायला लागतं. म्हणून पहिल्या वर्षी 3 किलोमीटरच्या आतच राहा, तेही गाडीच्या वरच्या अंगाला, म्हणजे ओझं उताराने येईल. खालच्या दरीत कितीही मोठा नर दिसला तरी गोळी झाडू नका.

अजिंक्यताऱ्याने पाय तयार होतील, उंचीची सवय होणार नाही. किल्ला जेमतेम 1,000 मीटरवर आहे. 10,000 फुटांवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या साधारण 70 टक्के असतो. सॅकमध्ये पाण्याचे कॅन घालून चढा. 10 किलोंनी सुरुवात करा, आठवड्याला तीन-चार किलो वाढवा. पहिले आठवडे पाणी वर ओतून मोकळे उतरा. शेवटी ओझ्यासकट उतरा, कारण मांड्या आणि गुडघे बोलायला लागतात ते उतरताना. पावसात शेवाळलेली पायवाट नको, गाडीरस्त्याने जा.

शिकारीआधी दोन-तीन रात्री 8,000 ते 9,000 फुटांवर मुक्काम करा. डोकं दुखलं, मळमळलं तर वर चढू नका. बसल्या जागी धाप लागली, तोल जायला लागला, तर अंधार असला तरी खाली उतरायला लागा आणि सॅटेलाइट मेसेंजरवरून (मोबाइलची रेंज नसतानाही निरोप पाठवणारं यंत्र) मदत मागा. एकट्या माणसाने इथे सकाळची वाट पाहणं जिवावर बेतू शकतं. उंचीच्या त्रासावरच्या अॅसिटाझोलामाइडच्या गोळ्या डॉक्टरांना विचारूनच घ्या, सल्फाची अॅलर्जी असेल तर आवर्जून सांगा.

जेवणाला डाळ-तांदूळ नेऊ नका. तिथे पाणी 90 अंशांच्या आसपास उकळतं, डाळ बोटचेपी होत नाही आणि गॅस संपतो. भिजवून होणारे पोहे, शेंगदाण्याचे लाडू, सुकामेवा बरा.

जनावर पडलं की आधी टॅग, म्हणजे लायसन्ससोबतची चिठ्ठी, भरून लावा. पोट न फाडता काम करा : पाठीच्या कण्यावरून कातडं चिरून एक बाजू सोला, पुढचा पाय, मागचा पाय, पाठीचं मांस काढा, मग उलटवून दुसरी बाजू. कण्याखालची मांसाची पट्टी शेवटच्या फासळीमागून हात घालून निघते. लिंग ओळखू येईल असा भाग मांसाला मुळातूनच जोडलेला राहिला पाहिजे, नियम आहे. मांस पहिल्यांदा नासतं ते मागच्या मांडीत, खुब्याच्या हाडाजवळ, कारण तिथली ऊब बाहेर पडत नाही. बाहेर थंडी आहे म्हणून बेफिकीर राहू नका; हाडापर्यंत चीर द्या, सुती पिशव्यांत भरून सावलीत टांगा. टांगायची जागा आतड्यांपासून शंभरेक मीटर दूर आणि लांबून दिसणारी हवी. परतताना मोठ्याने बोलत या, काळं अस्वल मांसावर आलेलं असू शकतं. सुरी नेहमी अंगापासून दूर चालवा; दमलेल्या हाताने मांडीवर वार बसला तर रक्त थांबवायला दुसरं कोणी नाही. टूर्निकेट (रक्त थांबवायला आवळायचा पट्टा) खिशात ठेवा, सॅकच्या तळाशी नको.

भडक नारिंगी किंवा भडक गुलाबी जॅकेट आणि टोपी रायफल सीझनमध्ये सक्तीची आहे.

प्रश्न : मुलगा असाच एकटा जाणार आहे. आम्ही तासगावात बसून काय करू शकतो?

उत्तर : ताई, निघण्याआधी गाडी कुठे लावणार, तिचा नंबर आणि तंबूची जागा लिहून घ्या, तोच कागद त्याच्या तिथल्या मित्राकडेही हवा. ऑक्टोबरात आपलं घड्याळ साडेअकरा तास पुढे असतं. रात्री आठला त्याने सॅटेलाइटवरून निरोप धाडला, तर तुमच्याकडे सकाळचे साडेसात वाजलेले असतील. निरोप नाही आला तर किती वाजता हालचाल करायची ते आधीच ठरवा. त्या वेळेला मित्राने त्या काउंटीच्या (तिथला जिल्हा) शेरीफला, म्हणजे तिथल्या पोलीसप्रमुखाला, फोन करायचा. कोलोरॅडोत शोधमोहिमेची जबाबदारी त्याच्याकडे असते. शेरीफचा नंबर त्याच कागदावर लिहा.