ते डाग घामाचे नाहीत, भावा

भावा, तारकर्लीहून आल्यावर पांढऱ्या शर्टांच्या कॉलरला केशरी-पिवळे डाग दिसले, दोनदा धुतले तर आणखी गडद झाले, आता लाँड्रीत ब्लीचला देऊ का, असं तू विचारलंयस. देऊ नकोस. पिशवी दारात काढून ठेवली असशील तर आधी ती आत घे, मग पुढचं वाच.

वाळू झटकणं, खारं पाणी त्याच दिवशी काढून टाकणं, ओले कपडे प्लॅस्टिकच्या पिशवीत कोंबून फोंडा घाट न चढणं, हे तुला ठाऊक असणारच. त्यात वेळ घालवत नाही.

चार वर्षांपूर्वी मे महिन्यात आम्ही आण्णांना पहिल्यांदा समुद्रावर नेलं. अंगात खादीचा पांढरा शर्ट, डोक्यावर टोपी, पायात कापशी, म्हणजे कोल्हापुरी चप्पल. नातीनं हट्टानं त्यांच्या मानेला सनस्क्रीन चोपडलं. समुद्रावर शर्ट पांढराशुभ्र होता. घरी आल्यावर बोअरच्या पाण्यात भिजवला आणि वाळला तेव्हा कॉलर गंजल्यासारखी झालेली.

आता गंमत ऐक. माझं आयुष्य बोअरच्या मोटारी दुरुस्त करण्यात गेलंय. पाइपाला धरलेला गंज रोज हाताला लागतो. आमच्या धुण्याच्या बादलीला तांबूस कडा वर्षानुवर्षं होता, तो मीच काथ्यानं घासायचो. तरी कॉलर बघून मी म्हणालो, घाम असेल!

बऱ्याच सनस्क्रीनमध्ये ॲव्होबेन्झोन असतं. ट्यूबच्या मागं ते ब्युटाइल मेथॉक्सीडायबेन्झॉइलमिथेन अशा लांबलचक नावानं लिहिलेलं असतं. पाण्यातल्या लोहाशी त्याची गाठ पडली की गंजाच्या रंगाचा डाग उमटतो. क्लोरीनच्या ब्लीचनं लोह निघत नाही, उलट डाग पक्का बसतो.

हे मला नंतर कळलं. त्याआधी मी शर्ट एका लाँड्रीत नेला, नाव घेत नाही. काउंटरवरचा पोरगा म्हणाला, "घामाचं हायत काका, ब्लीच मारून कोरा करून देतो." मी मान डोलावली. सनस्क्रीनचा स आणि बोअरचा ब काढला नाही. माझी खरी चूक ती. चार दिवसांनी शर्ट हातात आला तेव्हा डाग विटकरी झालेला आणि कॉलरचं कापड बोटानं ओढलं तर विरत होतं. मग सुरू झाल्या फेऱ्या. मालक जेवायला गेलेत. मालक गावाला गेलेत. मालक भेटले तर म्हणे डाग आधीचाच, आणि पावतीमागं छापलंय ना, जबाबदारी नाही म्हणून. शर्टाची किंमत किती ती, पण आण्णांनी तो स्वतः कापड निवडून शिवून घेतलेला. ते काही बोलले नाहीत, त्याचाच जास्त त्रास झाला.

मी वकील नाही, पण पावतीमागं छापलं म्हणून विषय संपत नाही. ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ नंबर आहे आणि जिल्हा ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते. मोजलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर त्याला फी लागत नाही. माझ्याकडं शर्ट देण्याआधीचा फोटोच नव्हता, म्हणून मी गप्प बसलो. तू कुठलाही कपडा देताना फोटो काढ आणि डाग कसला ते पावतीवर लिहून घे. पोरगं तोंड वाकडं करेल, करू दे.

आता उपाय. फक्त पांढऱ्या सुती कापडासाठी सांगतोय. रेशमाला आणि रंगीत कपड्यांना हे करू नकोस, आणि आधी आतल्या शिवणीवर थेंब टाकून बघ. पहिल्यांदा भांडी घासायच्या लिक्विडनं कॉलर चोळून सनस्क्रीनचा तेलकटपणा काढ. मग मगभर कोमट पाण्यात मोठा चमचा लिंबूसत्त्व घालून पंधरा-वीस मिनिटं भिजव. लिंबू आणि मीठही चालतं. शेवटी खळखळून धू, पण बोअरच्या पाण्यात नको, नळाचं किंवा फिल्टरचं घे. डाग पूर्ण जाईपर्यंत इस्त्री लावू नकोस. घरी आधीच ब्लीच लावलं असशील तर ते पूर्ण धुऊन काढल्याशिवाय आंबट काही टाकूच नकोस, विषारी वायू होतो. आमच्या पोरीचा टॉप असाच दोन खेपांत साफ झाला. आण्णांच्या शर्टाला उशीर झाला होता.

पुढच्या वेळी झिंक ऑक्साइडचं सनस्क्रीन घे, अंगाला लावल्यावर सुकू दे, मग शर्ट घाल. पोहायच्या कपड्यांनाही ब्लीच नको, त्यातलं लवचीक सूत मरतं. पिळायचं नाही, सावलीत पसरायचं.

तू विचारलं नाहीस, पण फोटोत तुझ्या पायात कोल्हापुरी दिसली म्हणून सांगतो. समुद्रावर कोल्हापुरी घालणाऱ्याला कोल्हापूरच्या चप्पल लाइनीत, चपलांच्या बाजारात, उभं करून चार शब्द ऐकवायला पाहिजेत, आणि त्यात आमचे आण्णा पहिले. बाभळीच्या सालीनं आणि हिरड्यानं कमावलेलं कातडं ते, खारं पाणी प्यायलं की कडक होतं आणि वर पांढरा खार फुटतो. ओल्या फडक्यानं खार पुसून घे, आत वर्तमानपत्र कोंबून सावलीत वाळव. उन्हात किंवा गॅसजवळ ठेवलीस तर तळ वाकडा होईल. पूर्ण वाळल्यावरच तेलाचा हात फिरव. ओल्यावर तेल लावलं तर बुरशी धरते, हे पण अनुभवाचंच.

बादली पांढरी आहे का तुझी? असेल तर तळाचा फोटो टाक, पाण्यात लोह आहे का ते बघून सांगतो.