रेंजफाइंडर की मिररलेस?
२००९ सालचा लायका एम९ हा रेंजफाइंडर कॅमेरा आणि आजचा मिररलेस, म्हणजे सेन्सरवरचं चित्र थेट स्क्रीनवर दाखवणारा कॅमेरा, यांचे मेगापिक्सेल मोजत बसू नका. फोकस कसा होतो ते आधी बघा. रेंजफाइंडरच्या डोळा लावून बघायच्या खिडकीत मधोमध एक फिकट चौकोन असतो. रिंग फिरवत त्यातली दुहेरी प्रतिमा एकावर एक बसली, की झालं फोकस. फोटोच्या चौकटीत अजून न शिरलेला माणूसही आधीच दिसतो, आणि मला हे फार मोलाचं वाटतं. पण बहुतेक एम लेन्स (लायकाच्या एम कॅमेऱ्यांना बसणाऱ्या) ०.७ मीटरपेक्षा जवळ फोकस करत नाहीत, आणि एम९चा आयएसओ, म्हणजे कमी उजेडात फोटो टिपायची संवेदनशीलता, २५००लाच थांबतो. धावती मुलं, अंधारं सभागृह टिपायचं असेल तर सरळ मिररलेस घ्या. अडॅप्टर लावून एम लेन्स त्यावरही चालतात; फक्त वाइड लेन्सचे कोपरे सेन्सरवरच्या जाड काचेमुळे धूसर येऊ शकतात. एम९च घ्यायचा ठरला, तर सेन्सर बदललाय का हे विचारल्याशिवाय पैसे देऊ नका. मूळ सेन्सरच्या काचेवर कालांतराने डाग पडायचे.