अंदाज चुकल्यावर हातात काय उरते?

गेल्या दोन महिन्यांत आलेली बरीचशी पत्रे एकाच काळजीतून लिहिलेली आहेत. पुढची पाच वर्षे कशी जातील हे कुणालाच सांगता येत नसताना संस्था चालवणाऱ्याने नेमकी कसली तयारी करावी, असे पत्रलेखक विचारतात. त्यांतले सहा प्रश्न निवडले आहेत. पत्रलेखकांची आणि त्यांच्या संस्थांची ओळख पटेल असा मजकूर गाळला आहे.

प्रश्न : मी यंत्रांचे सुटे भाग बनवणाऱ्या मध्यम आकाराच्या कंपनीचा व्यवस्थापकीय संचालक आहे. आमचा पंचवार्षिक आराखडा लागोपाठ तिसऱ्यांदा दुसऱ्याच वर्षी निकालात निघाला. आराखडे करणे सोडून द्यावे का?

उत्तर : सोडू नका, मात्र आराखड्याकडून ठेवलेली अपेक्षा बदला. अमेरिकी अर्थशास्त्रज्ञ फ्रँक नाइट यांनी १९२१ मध्ये जोखीम आणि अनिश्चितता यांत केलेला भेद येथे उपयोगी पडतो. जोखमीची शक्यता मोजता येते. शंभर यंत्रांपैकी वर्षभरात साधारण किती बंद पडतील हे जुन्या नोंदींवरून काढता येते आणि विम्याचा सारा व्यवहार त्याच हिशेबावर उभा असतो. अनिश्चिततेत असा आकडा काढायला आधारच नसतो. आपण आराखडा करताना या दुसऱ्या प्रकारच्या गोष्टी पहिल्या रकान्यात लिहून टाकतो. मागणी दरवर्षी अमुक टक्के वाढेल, कच्च्या मालाचा भाव तमुक राहील, असे आकडे दशांशचिन्हासह एका खाली एक मांडले की ते आपलेच गृहीतक आहे याचा विसर पडतो.

शेल या तेलकंपनीत १९७० च्या दशकाच्या आरंभी पियेर वाक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एकच भाकीत करण्याऐवजी भविष्याची अनेक सुसंगत चित्रे रेखाटण्याची पद्धत रुजवली. तेल उत्पादक देश पुरवठा आवळतील आणि भाव भडकतील, हे त्यांतले एक चित्र होते. ऑक्टोबर १९७३ मध्ये तेलसंकट सुरू झाले, पिंपामागे सुमारे तीन डॉलर असलेला भाव काही महिन्यांत बारा डॉलरच्या जवळपास पोचला, आणि त्या वेळी शेलच्या व्यवस्थापकांनी अशा परिस्थितीचा विचार निदान एकदा तरी करून ठेवलेला होता. ही हकिकत सांगणारे बहुधा भाकीत खरे ठरल्याचे कौतुक करतात. मला मात्र वाक यांचा आधीचा अनुभव अधिक मोलाचा वाटतो. त्यांनी काढलेली पहिली चित्रे तर्काला धरून होती, तरीही ती फारशी कामाला आली नाहीत, कारण ती वाचून कोणाही व्यवस्थापकाचा निर्णय बदलत नव्हता. जगाविषयीची मनात बसलेली समजूत हलल्याशिवाय कागदावरचे चित्र निरुपयोगी असते, हे ओळखून त्यांनी पुढची चित्रे व्यवस्थापकांच्या प्रत्यक्ष निर्णयांना भिडतील अशी बेतली.

म्हणून तुमच्या आराखड्याच्या बैठकीत तीन चित्रे मांडा, पण त्यांना चांगले, मधले आणि वाईट अशी नावे देऊ नका. तशी नावे दिली की सगळे मधल्यावर बोट ठेवून जेवायला उठतात. चित्रे वेगवेगळ्या कारणांवर उभी करा. एकात तुमचा सर्वांत मोठा ग्राहक तुमचा भाग स्वतःच बनवू लागला आहे; दुसऱ्यात एखाद्या सरकारी निर्बंधामुळे कच्चा माल येणे थांबले आहे; तिसऱ्यात तो भाग ज्या यंत्रात बसतो ते यंत्रच कालबाह्य झाले आहे. मग विचाराधीन असलेली प्रत्येक मोठी गुंतवणूक या तिन्ही चित्रांत उभी करून पाहा. एकाच चित्रात तग धरणारी गुंतवणूक करायचीच असेल, तर ती टप्प्याटप्प्याने करता येईल का, जमीन आज घेऊन यंत्रे पुढच्या वर्षी आणता येतील का, हे तपासा. प्रत्येक चित्र खरे होऊ लागल्याची पहिली खूण कोणती आणि तिच्यावर नजर कोण ठेवणार, हेही त्याच बैठकीत नावानिशी ठरवा. हे शेवटचे काम कंटाळवाणे असते आणि नेमके तेच राहून जाते.

प्रश्न : आमच्याकडे चांगली गंगाजळी आहे. संचालक मंडळातील काही सदस्य म्हणतात की हा पैसा निजून राहिला आहे, तो भागधारकांना वाटावा किंवा विस्तारात घालावा. किती रक्कम हाताशी ठेवणे योग्य?

उत्तर : सर्वांना लागू पडेल असा आकडा नाही. उद्यापासून एक रुपयाही जमा झाला नाही तर पगार, भाडे, व्याज आणि टाळता न येणारे इतर खर्च भागवून संस्था किती महिने उभी राहील, हे काढा आणि तो काळ पुरेसा आहे का यावर मंडळात चर्चा करा. टक्केवारीवर चाललेला वाद महिन्यांच्या भाषेत आला की पुष्कळदा लवकर मिटतो. २०२० मध्ये जगभरातील विमान कंपन्यांची विमाने काही आठवड्यांत जमिनीवर उभी राहिली, तेव्हा उत्पन्न जवळजवळ थांबू शकते हे सर्वांनीच पाहिले.

तरीही मी पूर्णपणे तुमच्या बाजूने नाही. काही संस्थांत गंगाजळी हे निर्णय न घेण्याचे निमित्त होऊन बसते. शिवाय रोख रकमेपेक्षाही कर्जाच्या मुदती अधिक बारकाईने पाहायला हव्यात. लेहमन ब्रदर्स ही बँक १५ सप्टेंबर २००८ रोजी दिवाळखोरीत गेली, त्यामागे दीर्घ मुदतीच्या मालमत्तेसाठी सतत अल्प मुदतीचे कर्ज उचलत राहण्याची सवय हे एक मोठे कारण होते. कर्ज नव्याने मिळेनासे झाले आणि काही दिवसांत सगळे संपले. पतमर्यादा वाढवून घ्यायची असेल तर ती गरज नसताना घ्यावी, कारण गरज पडल्यावर बँकेचा सूर बदललेला असतो.

प्रश्न : मी एका मोठ्या कंपनीत विभागप्रमुख आहे. आमच्या अध्यक्षांना वाईट बातमी सांगणाऱ्याची भर बैठकीत उलटतपासणी होते, त्यामुळे अडचणी शेवटच्या क्षणापर्यंत झाकल्या जातात. अशा वातावरणात भविष्याच्या तयारीची भाषणे पोकळ वाटतात. काय करावे?

उत्तर : आलेल्या पत्रांत मला हे सर्वांत महत्त्वाचे वाटले. १७ मार्च २००० रोजी अमेरिकेतील न्यू मेक्सिको राज्यात फिलिप्सच्या चिप कारखान्याला वीज पडल्यामुळे आग लागली. ती दहा-एक मिनिटांत विझली, पण धूर आणि पाणी यांमुळे धूळविरहित ठेवाव्या लागणाऱ्या खोल्या खराब झाल्या. मोबाइल फोन बनवणाऱ्या नोकिया आणि एरिक्सन या दोन्ही कंपन्या तेथून चिप घेत असत आणि दोघींनाही सुरुवातीला आठवडाभराच्या विलंबाची कल्पना देण्यात आली. नोकियाने त्या भागांवर रोज लक्ष ठेवायला सुरुवात केली, बातमी झटपट वरपर्यंत पोचवली आणि नुकसान मोठे असल्याचे दिसताच फिलिप्सच्या इतर कारखान्यांतील क्षमता मागून घेतली, दुसरे पुरवठादार गाठले, काही भागांची रचनाही बदलली. एरिक्सनमध्ये आगीची माहिती खालच्या पातळीवर होती, परंतु वरिष्ठांना तिचे गांभीर्य कळेपर्यंत कित्येक आठवडे गेले आणि तोवर बाजारात उचलण्यासारखी चिप उरली नव्हती. शिवाय खर्च कमी करताना त्यांनी पर्यायी पुरवठादार आधीच सोडून दिले होते. एरिक्सनचा तोटा सुमारे ४० कोटी डॉलर सांगितला जातो. पुढच्या वर्षी त्यांनी फोनचा व्यवसाय सोनीबरोबरच्या भागीदारीत नेला. त्या निर्णयाला इतरही कारणे होती. पण आग एकच, विलंबाची सूचनाही सारखीच, आणि तरी एका कंपनीला तेवढ्यात दुसरी वाट शोधता आली. बातमी उशिरा आली की रोख रक्कम, पर्यायी पुरवठादार, मागे फिरण्याची संधी हे सगळे असूनही वापरायला वेळ उरत नाही.

तुम्ही अध्यक्षांचा स्वभाव बदलू शकणार नाही. बातमी पोचण्याची वाट मात्र बदलू शकता. मानसशास्त्रज्ञ गॅरी क्लाइन यांनी सुचवलेली एक रीत तुमच्या विभागापुरती सुरू करून पाहा. प्रकल्प हाती घेण्याआधी सर्वांना सांगा की आपण वर्षभर पुढे आलो आहोत, हा प्रकल्प साफ फसला आहे, तर तो का फसला हे प्रत्येकाने स्वतंत्रपणे लिहून द्यावे. ‘फसू शकेल का?’ असे विचारले तर माणसे वरिष्ठांच्या चेहऱ्याकडे पाहून उत्तर देतात. फसलाच आहे असे गृहीत धरले की शंका काढणे हेच दिलेले काम ठरते आणि कनिष्ठ कर्मचारीही मोकळेपणाने लिहितात. अध्यक्षांकडे अडचण नेताना ‘काय घडले’ याच्याआधी ‘निर्णयासाठी किती दिवस आहेत’ हे सांगा. मुदत समोर आली की दोषी शोधायला फुरसत कमी राहते. आणि तुमच्या हाताखालचे लोक तुमच्यापासून काय झाकतात, हेही एकदा तपासा. पत्रात त्याचा उल्लेख नाही.

प्रश्न : मी खरेदी विभाग सांभाळते. एकाच पुरवठादाराकडून माल घेतला तर भाव उत्तम मिळतो. दुसरा पुरवठादार ठेवण्याचा आग्रह मी धरते, पण खर्चाचे समर्थन करता येत नाही.

उत्तर : प्रत्येक वस्तूसाठी दोन पुरवठादार ठेवण्याचा आग्रह धरू नका, तो टिकणार नाही. जी वस्तू नसेल तर सगळे काम थांबते आणि जी दुसरीकडून मिळायला महिने लागतात, अशा मोजक्या वस्तूंची यादी करा. अशा वस्तू बहुधा स्वस्त असतात, म्हणूनच त्या नजरेतून सुटतात. १ फेब्रुवारी १९९७ रोजी जपानमध्ये आयसिन कंपनीच्या कारखान्याला आग लागली आणि तेथे बनणारी ब्रेकची एक लहानशी झडप मिळेनाशी झाली. टोयोटाच्या अशा जवळजवळ सर्व झडपा त्या एकाच ठिकाणाहून येत आणि साठा अगदी थोडा असे, त्यामुळे टोयोटाचे कारखाने थांबले. त्यानंतर शिवणयंत्रे बनवणाऱ्या एका कंपनीसह अनेक उद्योगांनी आपल्याकडच्या यंत्रांवर ती झडप बनवायला घेतली आणि आठवड्याभरात उत्पादन बरेचसे पूर्ववत झाले. कराराच्या कागदावर यातले काहीच नव्हते. पुरवठादाराला वर्षानुवर्षे केवळ भावावरून पिळणाऱ्याला अशी मदत मिळेल, असे मला वाटत नाही.

२०११ च्या भूकंपानंतर टोयोटाने पुरवठादारांच्याही मागे कोण आहे याची नोंद ठेवायला घेतली आणि महत्त्वाच्या चिपचा दोन ते सहा महिन्यांचा साठा पुरवठादारांकडे राहील अशी व्यवस्था केली. २०२१ च्या चिपटंचाईत सुरुवातीचे काही महिने ही व्यवस्था कामाला आली. सप्टेंबरमध्ये मात्र टोयोटालाही जागतिक उत्पादन सुमारे ४० टक्क्यांनी घटवावे लागले. साठ्याने काही महिने मिळाले, एवढेच. तुमच्या मंडळींपुढे ठेवायचा हिशेबही हाच आहे: काम एक महिना बंद राहण्याची किंमत एका बाजूला, तो महिना विकत घेण्याचा खर्च दुसऱ्या बाजूला.

प्रश्न : आमच्याकडे आपत्कालीन व्यवस्थेची सविस्तर पुस्तिका आहे. ती पुरेशी आहे का?

उत्तर : ती पुस्तिका संगणकावर असेल आणि संगणकच बंद पडले तर? जून २०१७ मधील नॉटपेट्या या सायबर हल्ल्यात मर्स्क या जहाज कंपनीला सुमारे ४,००० सर्व्हर आणि ४५,००० संगणक दहा दिवसांत नव्याने उभे करावे लागले. तिच्या जाळ्याचा गाभा असलेल्या माहितीची एकच प्रत शाबूत सापडली, तीही घानामधील एका कार्यालयात, कारण हल्ल्याच्या वेळी तेथे वीज गेलेली होती. वर्षातून एक दिवस पूर्वसूचना न देता एखादी यंत्रणा बंद ठेवून काम करून पाहा. पहिल्या तासातच पुस्तिकेतली चुकीची पाने सापडतील.

प्रश्न : आमचा मुख्य व्यवसाय अजून नफ्यात आहे, पण तो दहा वर्षांनी राहणार नाही असे वाटते. बाहेर कधी पडावे?

उत्तर : नफा चालू असतानाच, आणि बहुतेकांना हेच जमत नाही. कोडॅकच्या अभियंत्याने १९७५ मध्ये डिजिटल कॅमेरा बनवला होता. जानेवारी २०१२ मध्ये कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला. म्हणजे बदल दिसला नाही असे म्हणायला जागा नाही. फिल्मवर मिळणारा नफा इतका घसघशीत होता की त्याला धक्का लावणारी प्रत्येक गोष्ट आतूनच मागे ढकलली जात राहिली. फुजीफिल्मसमोरही तेच संकट होते. तिने कारखाने बंद करण्याची आणि माणसे कमी करण्याची वेदना सोसली, आणि त्याबरोबरच आपल्याला खरोखर काय येते याची झडती घेतली. फिल्म बनवणाऱ्याला पातळ थर अचूक देता येतात, कोलॅजन हे प्रथिन हाताळता येते, रंग फिका पडू नये म्हणून काय करावे हे ठाऊक असते. त्यातून पडद्यांसाठी लागणाऱ्या विशेष फिल्म, त्वचेची प्रसाधने आणि औषधे असे नवे व्यवसाय उभे राहिले.

तुम्हीही अशी झडती घ्या, पण ती घेण्याचे काम आजच्या मुख्य व्यवसायाच्या प्रमुखाकडे सोपवू नका. स्वतःचे दुकान मोडण्याचा सल्ला माणूस सहसा देत नाही. इंटेलमध्ये १९८५ साली मेमरी चिपचा व्यवसाय तोट्यात बुडत होता. आपल्याला काढून नवा प्रमुख आणला तर तो काय करील, असे कंपनीचे अध्यक्ष अँडी ग्रोव्ह यांनी मुख्य कार्यकारी अधिकारी गॉर्डन मूर यांना विचारले, आणि तो या व्यवसायातून बाहेर पडेल असे उत्तर मिळाल्यावर दोघांनी स्वतःच ते केले. त्यांनी हे तोटा झाल्यावर विचारले. तुम्हाला नफ्यात असताना विचारता येत आहे, तर पुढच्या संचालक बैठकीच्या विषयपत्रिकेवर हाच प्रश्न पहिला ठेवा आणि त्याचे उत्तर प्रत्येक संचालकाकडून बैठकीआधी लेखी मागवा.