इंग्रजीत तिच्याशी कुणी बोललंच नव्हतं

“मॅडम, बाकीची सगळी कागदपत्रं तयार आहेत. फक्त इंग्रजीच अडलंय.”

सांगलीतल्या माझ्या समुपदेशनाच्या खोलीत हे वाक्य इतक्या जणांकडून ऐकलंय की समोरच्याच्या हातातली फाईल बघूनच मला पुढचं कळतं. मिरजेच्या नर्स येतात, इंग्रजीच्या परीक्षेत लेखनात अर्ध्या बँडनं, म्हणजे गुणांच्या अर्ध्या पायरीनं, मागे राहिलेल्या. नोकरीसाठी निघालेली इंजिनिअर मुलं येतात. आणि अलीकडे सगळ्यात जास्त येतात त्या नव्यानं लग्न झालेल्या मुली, नवरा परदेशात आणि आपण सासरी व्हिसाची वाट बघत बसलेल्या. त्या वाक्यात ‘फक्त’ असतं आणि ‘च’सुद्धा असतो. ‘फक्त’ म्हणजे एवढीशी गोष्ट. ‘च’ म्हणजे सगळा संसार तिथंच अडकलाय. या दोघांच्या मध्ये माणूस चेंगरतो.

यातली एक गोष्ट तिच्या परवानगीनं लिहितेय. नाव आणि काही तपशील बदललेत. तिला वैशाली म्हणू.

वैशाली तिशीची, तासगावकडची. मराठी माध्यमातून बी.ए. झालेली, घरी ब्लाऊज शिवणारी. नवरा ब्रिटनमध्ये लेस्टरला, तिथलं नागरिकत्व घेतलेला. अशा नवऱ्याकडे किंवा बायकोकडे राहायला जायचं तर ब्रिटननं नोव्हेंबर २०१० पासून इंग्रजीची अट घातली आहे. पातळी ए-वन, म्हणजे सगळ्यात खालची पायरी, तीही फक्त ऐकणं आणि बोलणं. लिहायचं काही नाही. वैशालीनं दिली ती आयईएलटीएस लाइफ स्किल्सची परीक्षा सोळा ते अठरा मिनिटांची. एक परीक्षक आणि आपल्यासारखाच आणखी एक उमेदवार. बँड नाहीत, पास किंवा नापास एवढंच.

वैशाली नापास झाली होती.

“सोबतची मुलगी फाडफाड बोलत होती,” तिनं सांगितलं. “माझी टाळूच सुकली. काय विचारलं ते कळलं नाही, तरी मान हलवली.”

“परत विचारायचं नाही का?”

तिनं माझ्याकडे असं बघितलं, जणू मी तिला परीक्षकाच्या खुर्चीवर जाऊन बसायला सांगितलं. “परत विचारलं तर कळलं नाही हे त्यांना कळेल की.”

हे वाक्य मी वहीत उतरवून घेतलं. पुढचं सगळं त्यात होतं, पण मला ते उलगडायला तीन बैठका लागल्या.

तिच्या घरचं चित्र असं. सासूबाई, ज्यांना ती आत्या म्हणते, रोज जेवताना विचारायच्या, “झालं का गं इंग्लिश?” रागानं नाही, ‘झाला का स्वयंपाक’ विचारावं तसं. गल्लीतल्या बायकांना तारीख माहीत होती. रात्री साडेदहाला नवऱ्याचा फोन यायचा आणि त्यानं ठरवलेलं, आता आपण इंग्रजीतच बोलायचं. ती म्हणायची, आय गो टू मार्केट. तो म्हणायचा, वेंट. ती म्हणायची, यस, वेंट. मग दोघंही गप्प. आधी तासभर चालणारा फोन सात मिनिटांवर आला होता.

“ह्यांना वाटतं मी प्रयत्न करत नाही,” ती म्हणाली. “मॅडम, २००० साली पहिलीपासून इंग्रजी सुरू झालं ना, आमचा पहिलाच वर्ग होता. पहिली ते बारावी इंग्रजी शिकले, तरी एक वाक्य येत नाही. म्हणजे मी ढच ना?”

इथं बरेच जण धीर द्यायला धावतात. अगं तू ढ नाहीस, तुला छान येतं. मी तसं करत नाही. मी ज्या विचारातून हे काम शिकले तो सांगतो की त्रास घटनेतून थेट येत नाही, तिला आपण लावलेल्या अर्थातून येतो. मग नुसत्या कौतुकानं काय होणार? अर्थच तपासून बघावा लागतो, आणि तोही तिनं स्वतः. म्हणून मी एवढंच विचारलं, “त्या बारा वर्षांत इंग्रजीत तुझ्याशी कोण कोण बोललं?”

“बाईंनी शिकवलं की.”

“शिकवलं ते कळलं. बोललं कोण? भूक लागली का, काल का आली नाहीस, असं?”

ती बराच वेळ विचार करत राहिली. “कुणीच नाही. बाई धडा वाचायच्या, खाली मराठीत अर्थ लिहून द्यायच्या. आम्ही उत्तरं पाठ करायचो. मग पेपर.”

त्या क्षणी मला उमगलं ते त्यानंतरच्या प्रत्येक केसमध्ये उपयोगी पडलंय. या मुलीशी इंग्रजीत आजवर कुणी बोललंच नव्हतं. तिला इंग्रजीत फक्त तपासलं होतं. आधी बाईंनी, मग बोर्डानं, मग परीक्षकानं, आणि आता रात्री साडेदहाला नवऱ्यानं. इंग्रजी कानावर पडलं की आपल्याला कुणीतरी तपासतंय, हे तिच्या अंगात इतकं मुरलं होतं की त्या भाषेत कुणी काही विचारू, सांगू, हसू शकतं हे तिच्या अनुभवातच नव्हतं. शब्द तिच्याकडे पुरेसे होते. तीन महिने क्लास लावून तिनं आणखी शब्द गोळा केले, आणि जीभ आणखी जड झाली.

पुढच्या बैठकीत मी विषयच बदलला. विचारलं, “तुझ्याकडे मारवाडी, गुजराती बायका येतात ना? त्यांच्याशी हिंदी कसं बोलतेस?”

ती पहिल्यांदा मोकळी हसली. “मोडकंतोडकं. पण माप कधी चुकलं नाही.”

“का चुकलं नाही?”

“नीट कळलं नाही तर परत विचारते ना. कपडा एकदा कापला की परत जोडता येत नाही.”

पुढचे पंधरा दिवस मी त्या एका वाक्याचा विचार करत होते. ज्या बाईला हिंदीत परत विचारणं हा कामाचा भाग वाटतो, तिलाच इंग्रजीत परत विचारणं म्हणजे नापास होणं वाटतं. बाई एकच, जीभ एकच, लावलेला अर्थ तेवढा वेगळा. मी तिला टेप घेऊन यायला सांगितलं आणि माझ्या ब्लाऊजचं कापड तिच्यासमोर ठेवलं. म्हटलं, मला मराठी येत नाही असं समज. मी लेस्टरची तुझी शेजारीण. घे माप.

ती उठली. टेप गळ्यात घातल्याबरोबर तिचे खांदे सरळ झाले, हे मी अगदी जवळून बघितलं. शोल्डर, चेस्ट, नेक हे शब्द तर आपल्या गल्लीतल्या टेलरच्याही तोंडात असतात. मुंढ्याला काय म्हणतात ते तिला माहीत नव्हतं, तिनं बोट फिरवलं आणि म्हणाली, “दिस राउंड.” वहीत आकडा लिहिताना मी मुद्दाम पुटपुटत म्हटलं की लांबी थर्टीन ठेव. ती थांबली. पेन्सिल कानामागून काढली.

“थर्टी? नो, नो. ब्लाऊज थर्टी नो. अगेन प्लीज?”

“थर्टीन.”

“ओके. थर्टीन.” मग बाहीपाशी आली. मी म्हटलं, थोडी लांब हवी. तिनं माझ्या दंडावर बोट ठेवलं, हळूहळू कोपराकडे सरकवलं. “हिअर? हिअर? यू टेल स्टॉप.”

मी स्टॉप म्हटलं. तिनं आकडा लिहिला, टेप गुंडाळली आणि खुर्चीत बसून मराठीत विचारलं, “अस्तर लावायचं का?”

ती अकरा मिनिटं इंग्रजीत बोलली होती आणि तिला ते कळलंही नव्हतं. मी घड्याळ दाखवलं. तिनं घड्याळाकडे बघितलं, हातातल्या वहीकडे बघितलं, आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं. मी काही बोलले नाही. बावीस वर्षांच्या कामात अशा शांततेत गप्प बसायला शिकले आहे, आणि त्या शिकण्याचं मला मोल आहे.

बऱ्याच वेळानं तिनं विचारलं, “परीक्षेत असं विचारलेलं चालतं?” चालतंच. या पातळीवर नीट कळलं नाही तर पुन्हा सांगायची विनंती करता येणं हा बोलण्या-ऐकण्याच्या कौशल्याचाच भाग मानला जातो. ज्या प्रश्नाला ती कमीपणा समजत होती, तो तिच्याकडून अपेक्षितच होता.

मग नवऱ्याशी व्हिडिओवर एक बैठक घेतली. माणूस भला. “मी मदतच करत होतो, मॅडम.” मी म्हटलं, “परीक्षक तिला तिथं भेटणार आहे. रात्री तिला नवरा भेटू दे. महिनाभर फोनवर फक्त मराठी.” त्याला ते उलटं वाटलं, पण ऐकलं त्यानं. पहिल्याच रात्री तासभर बोलले. म्हशीला रेडकू झालेलं तिनं त्याला सांगितलंच नव्हतं, कारण रेडकाला इंग्रजीत काय म्हणतात ते येत नव्हतं.

सासूबाईंनाही एकदा बोलावलं. त्यांना ओरडायचं काही कारणच नव्हतं, काळजीच होती ती. पास होणं आवडेल, हवंय, पण नाही झालं तर पुन्हा देता येतं, एवढं त्यांच्या तोंडून एकदा वैशालीच्या कानावर पडावं अशी माझी इच्छा होती. आत्या म्हणाल्या, “आगं मग दे की परत. शिवण तरी एकदा उसवल्याशिवाय कुठं बसतं?”

हे वाचणाऱ्यांपैकी अनेक जण आज याच जागी असतील, म्हणून थोडं थेट बोलते. आधी आपल्याला नक्की कुठली पातळी लागते ते सरकारच्या संकेतस्थळावर स्वतः वाचा. जोडीदाराच्या व्हिसाला सुरुवातीला ए-वन लागते, मुदत वाढवताना ए-टू, कायमच्या वास्तव्याला त्याहून वरची. कुशल कामगाराच्या व्हिसाला अट वेगळी आणि बरीच वरची आहे, ती जानेवारी २०२६ पासून आणखी चढली. माझ्याकडे आलेली एक मुलगी ए-वन पुरत असताना मोठ्या आयईएलटीएसच्या निबंधांनी वर्षभर रडत होती. परीक्षा मान्यताप्राप्त संस्थेची आणि मान्य केंद्रावरचीच हवी, साधी आयईएलटीएस या व्हिसांना चालत नाही. पदवी इंग्रजी माध्यमातून झाली असेल तर एक्टिस या संस्थेकडून तसं प्रमाणित करून घेऊन परीक्षा टळू शकते. वैशालीची पदवी मराठी माध्यमाची, म्हणून तिला तो रस्ता नव्हता.

नर्सभगिनींनो, ब्रिटनमधल्या तुमच्या नर्सिंग नोंदणीला आयईएलटीएसच्या वाचन, ऐकणं, बोलणं यांत सात आणि लेखनात साडेसहा लागतात, पण बारा महिन्यांतल्या दोन प्रयत्नांचे गुण काही अटींवर जोडता येतात. हे माहीत नसल्यानं पहिल्या निकालावरच घरी बसलेली मुलगी मी बघितली आहे. त्या नोंदणीसाठी इंग्रजी सिद्ध झालं असेल तर व्हिसासाठी पुन्हा परीक्षा द्यावी लागत नाही.

आणि कुणी एजंट “मॅनेज करतो” म्हणाला तर तिथून उठा. २०१४ साली ब्रिटनमध्ये अशा परीक्षांतली फसवणूक उघड झाली, हजारो विद्यार्थ्यांचे व्हिसे गेले आणि त्यात काही न केलेली मुलंसुद्धा वर्षानुवर्षं भरडली गेली.

घरच्यांना एक विनंती. तिच्या इंग्रजीची चौकशी करू नका, तिच्याशी इंग्रजीत काहीतरी बोला. दोन वाक्यं, चुकीची का असेनात. चहात साखर किती घालू, एवढं विचारलं तरी पुरे. ज्या भाषेत आपल्याला फक्त तपासलं गेलं, तिच्यात पहिल्यांदा कुणीतरी चहाचं विचारतं तेव्हा काय होतं, ते मी या खोलीत बघितलंय.

वैशाली दुसऱ्यांदा मुंबईला परीक्षेला गेली ती टेप पर्समध्ये घेऊन. पास झाली. निकाल सांगायला आली तेव्हा माझा ब्लाऊजही शिवून आणला होता, बाही कोपराच्या दोन बोटं वर, जिथं मी स्टॉप म्हटलं होतं तिथंच. मी विचारलं, कशी झाली परीक्षा?

“सोबत एक काका होते. माझ्याहून जास्त घाबरलेले. दोघांनी मिळून बोलायचं होतं, बसनं कधी निघायचं, तिकीट केवढ्याचं. ते इतकं हळू बोलले की मला आकडाच कळला नाही. मी म्हटलं, अंकल, अगेन प्लीज. तर ते हसले मॅडम, आणि मोठ्यानं म्हणाले.”

“किती म्हणाले?”

“थर्टीन.”