वाचक विचारतात : तापायांची चित्रं आणि काचेमागची रंगकामं

प्रश्न : फिलिपिन्सचे चित्रकार रोडेल तापाया यांची चित्रं छापील प्रतिमांमध्ये पाहिली. प्राणी, माणसं, झाडं यांची इतकी दाटी असते की नजर ठरत नाही. ती पाहायची कशी? (सोलापूर)

उत्तर : मधोमध नायक शोधायला जाऊ नका. तापायांच्या (जन्म १९८०) मोठ्या कॅनव्हासवर अनेक कथांमधली पात्रं आणि इतिहासाचे व वर्तमानाचे तुकडे एकमेकांना खेटून उभे असतात. जवळचं मोठं, लांबचं लहान हा हिशेबही तिथे चालत नाही. म्हणून एक कोपरा धरा आणि तिथलं एकेक पात्र ओळखत पुढे सरका.

त्यासाठी तिथल्या लोककथांमधली थोडी मंडळी माहीत हवीत. घोड्याच्या तोंडाचा, उकिडवा बसला की गुडघे डोक्याच्याही वर जातात असा लांब तंगड्यांचा तिकबालांग वाटसरूंना रानात चकवतो. मनानांगालचं कमरेवरचं धड रात्री सुटून वटवाघळाच्या पंखांनी उडतं. खाली उभ्या राहिलेल्या अर्ध्या देहावर कुणी मीठ टाकलं, तर तिला पुन्हा जुळता येत नाही. वारुळात राहणारा म्हातारा म्हणजे नुनो. त्याच्या जवळून जाताना लोक आजही तोंडाने वाट मागतात.

यापुढे इतिहास लागतो. १५६५ पासून १८९८ पर्यंत स्पेनची सत्ता, मग १९४६ पर्यंत मुख्यतः अमेरिकेची. स्पेन येण्याआधी गावाचे विधी आणि औषधपाणी बाबायलान सांभाळत, आणि त्यांत बायकाच जास्त. मिशनऱ्यांनी त्यांना चेटकिणी ठरवलं. रात्री माणसं खाणाऱ्या असवांगची दहशत या बदनामीतूनही वाढली, असं अनेक अभ्यासक मानतात. एवढं ठाऊक असलं की चित्रातलं भूत निव्वळ भूत राहत नाही.

तापायांचं जन्मगाव मोन्ताल्बान या दृष्टीने फार बोलकं आहे. तिथल्या दोन डोंगरांच्या मध्ये बेर्नार्दो कार्पियो नावाचा महाबली अडकला आहे आणि त्याने खांदा हलवला की भूकंप होतो, अशी दंतकथा आहे. त्याच डोंगरातल्या पामितिनान गुहेत एप्रिल १८९५ मध्ये आन्द्रेस बोनिफासिओ आणि कातिपुनान या स्पेनविरोधी गुप्त संघटनेतले त्यांचे साथीदार गेले आणि भिंतीवर कोळशाने स्वातंत्र्याची घोषणा लिहून आले. दंतकथा आणि क्रांती एकाच दगडात! तापायांच्या चित्रांतली सरमिसळ मनमानी वाटत नाही, ती यामुळेच.

प्रश्न : ही शैली त्यांचीच का? त्यांचं महत्त्वाचं चित्र कोणतं? (बेळगाव)

उत्तर : इतिहास भित्तिचित्राएवढा मोठा मांडण्याची वाट आन्गोनो गावचे चित्रकार बोतोंग फ्रान्सिस्को (१९१२–१९६९) यांनी आधीच घालून दिली होती, मनिला सिटी हॉलसाठीची त्यांची चित्रमाला १९६४ ची. मात्र त्यांच्या चित्रात प्रसंग क्रमाने वाहतात, तापाया तो क्रमच मोडतात. आमच्या मते हीच त्यांची खरी भर. सुरुवात ‘काबुनियानची काठी’ (२०१०) या चित्रापासून करा. काबुनियान हा फिलिपिन्सच्या लुझोन बेटाच्या उत्तरेकडच्या डोंगरी लोकांचा आकाशदेव. या चित्राला २०११ मध्ये सिंगापूरचा सिग्नेचर आर्ट प्राइझ मिळाला.

प्रश्न : तापाया काचेच्या मागूनही रंगवतात असं वाचून करून पाहिलं. ॲक्रिलिकचे पापुद्रे सुटले आणि चेहऱ्यांचे डोळे दिसेनासे झाले. काय चुकलं? (कणकवली)

उत्तर : दोन वेगळ्या चुका आहेत. डोळे गेले ते क्रम चुकल्यामुळे. चित्र काचेच्या मागच्या बाजूने रंगवून पुढून पाहायचं असतं, म्हणून कॅनव्हासवर शेवटी करतो ते इथे सगळ्यात आधी करायचं : सही, बाह्यरेषा, बुबुळं, दागिन्यांचे ठिपके. मग उजेड-सावली, मग त्वचेचा सपाट रंग, मग कपडे आणि अखेरीस आकाश. आधी त्वचा भरली तर बुबुळ तिच्या मागे पडतं, पुढून कधीच दिसत नाही. कच्चं रेखाटन उलटं करून काचेखाली ठेवा, म्हणजे अक्षरं सुलट येतील. दर रंगानंतर काच उचलून पुढून बघा.

पापुद्रे सुटतात कारण गुळगुळीत काचेवर रंगाला धरायला काही नसतं. त्यात बोटांचं तेल लागलं किंवा पाणी जास्त झालं की पकड आणखी सैल होते. ३ किंवा ४ मिमी जाडीची, कडा घासलेली काच घ्या. भांड्यांच्या साबणाने धुवा, वाळवा, आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा आणि मग फक्त कडेनेच धरा. रंगात पाणी एक पंचमांशाहून जास्त नको. पातळ करायचाच तर ॲक्रिलिक मीडियम (रंगात मिसळायचं बिनरंगी द्रावण) वापरा. जाड थर वाळताना आक्रसतो आणि स्वतःलाच ओढून काढतो, म्हणून दोन पातळ थर द्या. पहिला थर रात्रभर वाळू द्या, नाहीतर ओला ब्रश तोच उचलून आणतो. पावसाळ्यात कोकणात आणखी एक दिवस थांबा. चूक ओली असेल तर कापसाच्या काडीने पुसा, वाळली असेल तर ब्लेडने खरवडा.

एनॅमल रंग काचेला जास्त घट्ट धरतो, पण वाळायला वेळ घेतो आणि खोली हवेशीर लागते.

फ्रेम करताना रंग आणि मागचा पुठ्ठा यांत ३ मिमी जागा सोडणारी पट्टी घालायला सांगा. उन्हाळ्यात ॲक्रिलिक मऊ होऊन पुठ्ठ्याला चिकटतं, आणि पुढे कधी फ्रेम उघडली की रंग पुठ्ठ्यासोबत निघून येतो.